नांव आणि नोंदवही : देवगिरीच्या भूमींतील तृतीयपंथीयांचा इतिहास

दौलताबादचा किल्ला पाहावयास येणाऱ्या प्रवाशाला कांहीं नांवें हमखास ऐकावयास मिळतात. देवगिरीस राजधानी करणारा यादव भिल्लम, त्याच्या वंशांतील रामदेवराव, दिल्लीहून राजधानी हालवून ह्या गांवाला ‘दौलताबाद’ हें नांव देणारा महंमद तुघलक, आणि निजामशाहीचा आधारस्तंभ मलिक अंबर. ह्या नांवांच्या ओळींत एक नांव मलिक काफूरचें आहे. तें आलें म्हणजे पराक्रमाआधीं त्याच्या शरीराचा उल्लेख होतो आणि मग पुढील हकीकत सुरू होते. किल्ल्याचा खंदक, अंधारी वाट आणि बालाकोट हीं सर्वांना सारखींच साक्षी आहेत. परंतु दप्तराचें तसें नसतें. दप्तर लिहिणारा कोणी असतो, त्याचा कांहीं हेतु असतो, आणि कोणाची नोंद कोणत्या रकान्यांत करावयाची हें तोच ठरवीत असतो.

ज्यांना समाजानें पुरुष म्हणून किंवा स्त्री म्हणून ओळखावयाचें नाकारलें, अशा माणसांची नोंद ह्या भूमींत कोणीं केली, कशी केली व कशासाठीं केली, हा प्रस्तुत विषय आहे. विषय जुना दिसतो. पण तो संपलेला नाहीं. संगणकाच्या आज्ञावल्या, ज्यांना सर्वत्र सॉफ्टवेअर म्हणतात, लिहून उपजीविका करणाऱ्या आजच्या तृतीयपंथी तरुणाला वा तरुणीला हाच प्रश्न नव्या रूपांत रोज भेटत असतो. म्हणून ह्या इतिहासाचें एक टोंक देवगिरीच्या तटाशीं, तर दुसरें संगणकाच्या पडद्यावर आहे.

प्रथम काफूरची हकीकत पाहावी. इ. स. १२९९ मध्यें अल्लाउद्दीन खिलजीच्या सैन्यानें गुजराथेवर स्वारी केली, तेव्हां खंबायत बंदरांतील एका धनिकाचा हा गुलाम नुसरतखानाच्या हातीं लागला व दिल्लीस पोंचविला गेला. तो खच्ची केलेला होता. हजार दिनार ही त्याची किंमत, म्हणून ‘हजारदिनारी’ हें उपनांव त्याला चिकटलें. काफूर म्हणजे कापूर. गुलामांना सुगंधी द्रव्यांचीं किंवा रत्नांचीं नांवें देण्याची त्या काळीं रीत होती. आईबापांनीं त्याला काय नांव ठेविलें होतें, तें इतिहासकारांनीं जपून ठेविलें नाहीं. त्याची किंमत मात्र सात शतकें टिकली.

पुढील पंधरा वर्षांत ह्या गुलामानें दक्षिणेचा नकाशा बदलला. १३०७-०८ च्या सुमारास त्यानें देवगिरीच्या रामदेवरावाला नमविलें. १३०९-१० मध्यें वारंगळच्या काकतीयांना, आणि १३१०-११ मध्यें द्वारसमुद्राच्या होयसळांना खंडणी देण्यास लावून तो थेट पांड्यांच्या मुलखांत उतरला. रामदेवरावाच्या मृत्यूनंतर देवगिरीनें खंडणी थांबविली, तेव्हां १३१३ मध्यें तो पुन्हां येथें आला आणि सुमारें दोन वर्षें येथेंच राहून कारभार पाहूं लागला. म्हणजे देवगिरीच्या गादीवरून यादवांनंतर प्रथम राज्य चालविलें तें एका खच्ची केलेल्या गुलामानें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. तुघलकाच्या काळांत दौलताबादेस आलेला कवि इसामी यानें आपल्या फारसी पद्य-इतिहासांत काफूरला ‘मरहट्टा’ म्हटलें आहे. हें वर्णन खरें धरल्यास, ज्या मुलखावर त्यानें स्वारी केली त्याच मुलखांतून त्याचें मूळ निघालें असावें.

त्याचा शेवटहि देवगिरीच्या कारभाराशीं जोडलेला आहे. अल्लाउद्दीन आजारी पडला म्हणून काफूरला येथून दिल्लीस बोलावणें आलें. जानेवारी १३१६ मध्यें सुलतान वारला. नंतर सुमारें पस्तीस दिवस काफूरनें राज्यसूत्रें हातीं ठेविलीं, राजपुत्रांचे डोळे काढविले, आणि अखेरीस राजवाड्याच्या रक्षकांनीं त्याचा वध केला. झियाउद्दीन बरनी ह्या इतिहासकाराची लेखणी त्याच्यावर फार कठोर चालली आहे. काफूरनें क्रूर कृत्यें केलीं यांत संशय नाहीं. परंतु तशींच कृत्यें करणाऱ्या इतर सुलतानांच्या व सरदारांच्या बाबतींत त्यांच्या शरीराला कोणी दोष दिला नाहीं. काफूरच्या बाबतींत कृत्य आणि शरीर हीं एकाच वाक्यांत येत राहिलीं.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. काफूर हा आजच्या अर्थानें तृतीयपंथी होता, असें म्हणतां येणार नाहीं. त्याच्या शरीरावर जें झालें तें दुसऱ्यांनीं, विकण्याकरितां, बळजबरीनें केलें. ज्याला वंश वाढवितां येत नाहीं तो गादी बळकावणार नाहीं, असा हिशेब करून दरबारांनीं अशा ख्वाजासरांना अंतःपुराचे व खजिन्याचे रक्षक नेमलें, कधीं सेनापतीहि केलें. तृतीयपंथी म्हणून आज ज्यांना ओळखलें जातें त्यांची गोष्ट निराळी आहे. जन्मतः समाजानें जें लिंग त्यांच्यावर लिहिलें तें आपलें नव्हे, ही जाणीव त्यांच्या अंतःकरणांतून उगवलेली असते. दरबारी ख्वाजासरा आणि स्वखुषीनें स्त्रीवेष धारण करून गुरूच्या घरीं राहणारा हिजडा, हे दोन वेगळे प्रवाह होत. पण नोंदवही लिहिणाऱ्यांनीं त्यांच्यांत फरक केला नाहीं. दोघांनाहि त्यांनीं एकाच शब्दांत कोंबलें. ह्या गोंधळाचे परिणाम पुढें फार दूरवर गेले.

हा दुसरा प्रवाह भारतीय परंपरेला अपरिचित नव्हता. कामसूत्रांत ‘तृतीया प्रकृति’ हा शब्द आहे. महाभारतांतील शिखंडी व बृहन्नडा मराठी घरांतील मुलांनाहि ठाऊक असतात. पंढरीच्या विठ्ठलाला ‘विठाई माउली’ म्हणतांना वारकऱ्याच्या मनांत शंका येत नाहीं. तथापि पुराणांतील पात्राचें कौतुक करणें निराळें आणि शेजारच्या माणसाला हक्क देणें निराळें. यासाठीं मराठी राज्याच्या काळाकडे पाहिलें पाहिजे. कारण तेथें कौतुकापेक्षां ठोस गोष्ट आढळते.

मराठी राज्याच्या मुलखांत हिजड्यांना कांहीं ठिकाणीं भिक्षेचा हक्क होता, कांहीं ठिकाणीं रोख नेमणूक होती, तर कांहीं ठिकाणीं जमीन होती. भिक्षेचा हक्क म्हणजे लहर लागली तर द्यावयाची भीक नव्हे. ठराविक गांवांतून ठराविक देणें मागण्याचा तो राज्यानें मान्य केलेला अधिकार होता. ज्याप्रमाणें बलुतेदाराचें बलुतें, त्याप्रमाणें हा हक्क. आणि तो गुरूकडून चेल्याकडे वारसानें जात असे. रक्ताचा वारसा नसलेल्या माणसांना राज्यानें एक वारसा मान्य केला होता, हें यांतील मर्म. गुरूचें नांव हेंच त्यांचें कुळ, गुरूचें घर हेंच त्यांचें गांव. ह्या व्यवस्थेंत समाजाची तुच्छता नव्हती असें मानण्याचें कारण नाहीं; परंतु दप्तरांत त्यांची नोंद होती ती हक्कदार म्हणून.

पेशवाई संपली आणि मुंबई इलाख्याचे इंग्रज अधिकारी जुने हक्क तपासूं लागले. इनामें व नेमणुका कोणत्या चालू ठेवावयाच्या, याची छाननी चालली असतां हिजड्यांचे हे हक्कहि त्यांच्यापुढें आले. राज्यानें अशा माणसांना सनद द्यावी हें त्यांना अशोभनीय वाटलें. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनामांच्या चौकशीचे जे नियम घालून दिले, त्यांत देशाच्या कायद्याला किंवा सार्वजनिक सभ्यतेला बाध आणणारीं देणीं चालू ठेवूं नयेत, असें एक कलम होतें. सभ्यता म्हणजे काय, हें ठरविणारे अधिकारीच होते. गुरूमागून चेल्याकडे जाणारा हक्क खुंटला. कायद्याच्या भाषेंत कोणालाहि शिक्षा झाली नव्हती. पण ज्यांचा चरितार्थ त्या हक्कावर होता ते पाहतां पाहतां साधे भिकारी ठरले, आणि भिकाऱ्यावर पोलिसांची नजर असते.

ती नजर १८७१ मध्यें कायद्यांत उतरली. त्या सालच्या सत्ताविसाव्या कायद्याचें नांव ‘गुन्हेगार जमातींचा कायदा’ म्हणून कुप्रसिद्ध आहे. त्याच्या दुसऱ्या भागाचा विषय हिजडे व खोजे हा होता, हें फार थोड्यांना ठाऊक असतें. मुलें पळविण्याचा किंवा अनैसर्गिक गुन्ह्याचा ज्यांच्यावर संशय असेल, त्यांचीं नांवें व राहण्याचीं ठिकाणें एका नोंदवहींत लिहावयाचीं. नोंदलेला मनुष्य रस्त्यांत स्त्रीवेषांत दिसला, नाचला किंवा गायला तर वॉरंटाशिवाय त्याला पकडावयाचें. त्यानें कोणाचें पालकत्व घ्यावयाचें नाहीं, देणगी द्यावयाची नाहीं, मृत्युपत्र करावयाचें नाहीं, दत्तक घ्यावयाचा नाहीं. गुरु-चेल्याची परंपरा जिच्यावर उभी होती ती प्रत्येक गोष्ट ह्या यादींत आली आहे. हा भाग प्रथम वायव्य प्रांत, अयोध्या व पंजाब या उत्तरेकडील मुलखांत अमलांत आला. १९११ मध्यें ब्रिटिश सरकारनें नवा कायदा करतांना तो भाग गाळून टाकला.

परंतु गाळलेली वस्तु दुसऱ्याच्या दारांत पडली. त्या वेळीं दौलताबाद व औरंगाबाद हा सारा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. हैदराबाद सरकारनें १३२९ फसलीमध्यें, म्हणजे इ. स. १९१९ च्या सुमारास, हिजड्यांविषयीं एक कायदा केला. जो सांचा इंग्रजांनीं आठ वर्षांपूर्वीं टाकून दिला होता, त्यावरूनच हा कायदा घडविलेला दिसतो. त्यांतहि नोंदवही होती. त्यांतहि स्त्रीवेषांत, अलंकार घालून किंवा सार्वजनिक जागीं गातां-नाचतांना आढळल्यास वॉरंटाशिवाय अटक व दोन वर्षांपर्यंत कैद होती. सोळा वर्षांखालील मुलाला जवळ ठेवल्यासहि शिक्षा होती. ख्वाजासरांना ज्या दरबारी संस्कृतीनें एके काळीं मानाचीं पदें दिलीं, तिच्याच वारसानें हा कायदा केला, हा इतिहासाचा विपर्यास म्हटला पाहिजे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत गेला आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. संस्थान गेलें, निजाम गेला, फसली सनहि व्यवहारांतून गेला. परंतु १३२९ फसलीचा तो कायदा ‘तेलंगण प्रदेशाचा’ म्हणून पूर्वेकडे तसाच राहिला. तो रद्द ठरविण्यास २०२३ चा जुलै महिना उजाडावा लागला. वैजयंती वसंता मोगली ह्या तृतीयपंथी कार्यकर्त्या व इतर यांच्या याचिकेवर तेलंगण उच्च न्यायालयानें तो राज्यघटनेच्या चौदाव्या व एकविसाव्या कलमांशीं, म्हणजे समतेशीं व जीविताच्या हक्काशीं, विसंगत ठरविला. एखाद्या मनुष्यानें कोणता गुन्हा केला हें न पाहतां तो कोण आहे यावरून त्याचें नांव पोलिसांच्या वहींत लिहावयाचें, ही कल्पना कायद्याच्या पुस्तकांत एकशें चार वर्षें टिकून होती.

येथवरच्या इतिहासांत एक गोष्ट समान आहे. सुलतानाचा इतिहासकार, मराठी राज्याचा कारकून, इंग्रज कलेक्टर, निजामाचा पोलिस, हे सर्व लिहिणारे होते. ज्यांच्याविषयीं लिहिलें जात होतें ते कधींहि लिहिणारे नव्हते. हा क्रम विसाव्या शतकाच्या अखेरीस बदलूं लागला. छापील पुस्तकांचा यांत वांटा आहेच. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचें ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हें आत्मकथन २०१२ मध्यें मराठींत प्रसिद्ध झालें, तेव्हां पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत हा शब्द प्रथमच उंबरठ्याच्या आंत आला. परंतु छापखान्याच्याहि आधीं एका नव्या साधनानें हें काम आरंभिलें होतें. तें साधन म्हणजे संगणकांचें जाळें.

दूरदेशीं राहणाऱ्या भारतीयांत याचा प्रारंभ झाला. १९८६ मध्यें अमेरिकेंत सॅन फ्रॅन्सिस्कोच्या परिसरांत ‘त्रिकोण’ ही दक्षिण आशियांतील समलिंगी मंडळींची संस्था निघाली. त्या भागांत संगणकाच्या कारखान्यांत काम करणारे भारतीय इंजिनियर पुष्कळ. त्यामुळें १९९० नंतर जेव्हां संगणकावरून पत्रें पाठविण्याची सोय वाढली, तेव्हां अशा मंडळींचीं पत्रमंडळें तिच्यावर सहज उभीं राहिलीं. पुण्याचे बिंदुमाधव खिरे हे अशाच सॉफ्टवेअर इंजिनियरांपैकीं. सॅन फ्रॅन्सिस्को येथें त्यांचा ‘त्रिकोण’शीं संबंध आला, मायदेशीं परतल्यावर त्यांनीं २००२ मध्यें पुण्यांत ‘समपथिक’ हा न्यास स्थापला आणि समलिंगी व तृतीयपंथी जीवनाविषयीं मराठींत पुस्तकें लिहिलीं. इंग्रजींत चाललेली चर्चा त्यांच्यासारख्यांमुळें मराठींत उतरली.

संगणकाचें जाळेंच ह्या माणसांना इतकें जवळचें कां वाटावें? ह्याचें एक कारण मराठी भाषेच्या घडणींतच आहे. ‘मी बाजारांत गेलों’ किंवा ‘मी बाजारांत गेलें’, यांपैकीं एक म्हटल्यावांचून मराठी मनुष्याला साधी बाजाराची गोष्टहि सांगतां येत नाहीं. व्याकरणांत नपुंसकलिंग आहे खरें, पण तें पोराबाळांचें व वस्तूंचें. प्रौढ माणसानें स्वतःविषयीं तें वापरावें अशी सोय भाषेनें ठेविलेली नाहीं. इंग्रजी बोलणाराला ‘मी’ म्हणून लिंग लपवितां येतें. मराठी बोलणाराचीं पुष्कळ क्रियापदें साक्ष देतात. घरांत व शाळेंत जी व्यक्ति वीस वर्षें ‘गेलों, आलों’ म्हणत राहिली, तिनें ‘गेलें, आलें’ हे शब्द प्रथम कोठें उच्चारावे? आवाज ओळखीचा, चेहरा ओळखीचा, ऐकणारेहि ओळखीचे. पडद्यावर टंकलेल्या अक्षरांना मात्र आवाज नसतो आणि चेहराहि नसतो. परगांवच्या अनोळखी मित्राला लिहिलेल्या दोन ओळींत क्रियापदाचा तो एक प्रत्यय बदलून पाहणें, आणि समोरून तितक्याच सहजतेनें उत्तर येणें, ही अनेकांच्या आयुष्यांतील पहिली मान्यता ठरली. नवें नांवहि प्रथम तेथेंच धारण केलें जातें. घराच्या दारावर तें लागण्यास पुढें अनेक वर्षें जातात, कधीं तें लागतहि नाहीं.

ज्यांचा व्यवसायच संगणकाचा, त्यांना ही वाट लवकर सांपडली. त्यांतील कांहींनीं तर हें साधन घडविण्यांतच हात लाविला होता. अमेरिकेंतील लिन कॉनवे यांची कथा यासंबंधीं वारंवार सांगितली जाते. १९६० नंतरच्या दशकांत त्या आय. बी. एम. कंपनींत अतिवेगवान संगणकाच्या रचनेवर काम करीत होत्या. आपण स्त्री म्हणून जगूं इच्छितों हें त्यांनीं सांगतांच १९६८ मध्यें कंपनीनें त्यांना काढून टाकलें. नवें नांव घेऊन त्यांनीं साध्या प्रोग्रॅमरच्या पायरीपासून पुन्हां आरंभ केला. जुनें काम आपलें म्हणून सांगतां येईना. १९७३ मध्यें त्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन-केंद्रांत दाखल झाल्या, आणि कार्व्हर मीड यांच्यासह लिहिलेल्या त्यांच्या १९८० च्या ग्रंथानें एका चकतीवर असंख्य विद्युत्-मंडलें बसविण्याचें शास्त्र साऱ्या जगांतील विद्यार्थ्यांना शिकविलें. तीस वर्षें मौन पाळल्यावर १९९९ च्या सुमारास त्यांनीं आपली हकीकत स्वतःच संगणकाच्या जाळ्यावर मांडली. जगभरच्या तृतीयपंथीयांना त्या पानांतून धीर मिळाला. आय. बी. एम. नें २०२० मध्यें, बावन्न वर्षांनंतर, त्यांची माफी मागितली. २०२४ मध्यें त्या निवर्तल्या. इंग्लंडांतील सोफी विल्सन यांचें उदाहरण याहून घरगुती म्हणतां येईल. त्यांनीं व स्टीव्ह फर्बर यांनीं केंब्रिजच्या एकॉर्न कंपनींत १९८३ ते १९८५ या काळांत जी ‘आर्म’ रचना सिद्ध केली, तिच्या वंशजांवर आज बहुतेक सर्व मोबाईल फोन चालतात. मराठी घरांतील माणसें दिवसभर जें यंत्र हातांत बाळगतात, त्याच्या आज्ञांची मूळ भाषा एका तृतीयपंथी स्त्रीनें रचलेली आहे.

भारतांत हा मार्ग अधिक खडतर आहे; कारण येथें लिंगाच्या जोडीला जात व दारिद्र्य हींहि आडवीं येतात. तमिळनाडूंतील दलित समाजांत जन्मलेल्या ग्रेस बानू ह्या त्या राज्यांत इंजिनियरिंग महाविद्यालयांत प्रवेश मिळविणाऱ्या पहिल्या तृतीयपंथी विद्यार्थिनी मानल्या जातात. पुढें त्या आरक्षणाच्या लढ्यांत उतरल्या. संगणकाच्या जाळ्यावरील समूहहि दोषरहित नव्हते. त्यांची भाषा बराच काळ इंग्रजी राहिली; त्यांत पुरुषांचा भरणा अधिक होता; आणि गुरूच्या घरीं राहून बाजारांत मागणारी व्यक्ति त्या संभाषणांत क्वचितच पोंचली. २०११ च्या जनगणनेनें प्रथमच स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ असा पर्याय दिला, तेव्हां देशांत ४,८७,८०३ जणांची नोंद त्यांत झाली. ह्या पांच लाखांच्या घरांतील माणसांपैकीं वातानुकूलित कचेरींत बसून आज्ञावल्या लिहिणारीं फार थोडीं होतीं, हें विसरून चालणार नाहीं.

आणि कचेरींत बसलेल्यांचाहि जुन्या नोंदवहीशीं झगडा सुटलेला नाहीं. तिचें रूप तेवढें बदललें. संगणकाच्या माहितीकोशांत लिंगाचा रकाना असतो, आणि तो कोणीतरी प्रोग्रॅमरनेंच आंखलेला असतो. त्यांत ‘पु’ किंवा ‘स्त्री’ एवढींच दोन अक्षरें चालतील असें एकदां लिहून ठेविलें कीं, बँक, विमा, रेल्वे आणि रुग्णालय ह्या सर्वांच्या खिडक्यांवर तिसऱ्या माणसाची वाट बंद होते. याहून सूक्ष्म अडचण नांवाची आहे. आज्ञावल्या लिहिणारे लोक आपल्या कामाची नोंद ठेवण्यास २००५ मध्यें निघालेली ‘गिट’ ही पद्धति वापरतात. त्यांत प्रत्येक फेरफाराबरोबर तो करणाराचें नांव लिहिलें जातें, आणि त्या नांवासकट साऱ्या मजकुरावरून गणितानें एक ठसा काढला जातो. पुढच्या फेरफाराचा ठसा मागच्या ठशावर अवलंबून. अशी साखळी वाढत जाते. मधल्या एका जागीं नांव बदलावयाचें म्हटलें तर त्यापुढील सर्व ठसे बदलतात आणि इतरांच्या प्रतींशीं मेळ बसेनासा होतो. ही रचना खोटेपणाला आळा घालण्यासाठीं केलेली आहे, आणि त्या दृष्टीनें ती उत्तमच आहे. परंतु जिनें आपलें नांव बदललें तिच्या प्रत्येक जुन्या ओळीवर टाकून दिलेलें नांव कायमचें कोरलेलें राहतें. यावर तोडगा म्हणून ‘जुनें नांव अमुक, नवें नांव तमुक’ अशी एक वेगळी यादी जोडण्याची सोय आहे. तथापि त्या यादींतहि जुनें नांव किंवा जुन्या नोंदींतील ई-मेल पत्ता लिहावा लागतो. हजार दिनारांची किंमत नांवाला चिकटून राहिली त्याचीच ही दूरची बहीण म्हणावयाची. फरक एवढाच, आणि तो लहान नव्हे, कीं आतां नोंदवही आंखणाऱ्यांच्या बैठकींत ती व्यक्ति स्वतः बसलेली असते, आणि हा रकाना असा कां, हें विचारूं शकते.

कायद्याच्या नोंदवहींतहि तोच पालट दिसतो. १५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ‘नाल्सा’ ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या निकालांत आपलें लिंग आपण ठरविण्याचा अधिकार मान्य केला. २०१९ मध्यें संसदेनें तृतीयपंथीयांच्या हक्कांचा कायदा केला. २०२० च्या नियमांनीं, वैद्यकीय तपासणीवांचून, स्वतःच्या प्रतिज्ञापत्रावर जिल्हाधिकाऱ्याकडून ओळखपत्र मिळण्याची व्यवस्था घालून दिली; त्यासाठींचा अर्ज संगणकावरून करण्याची सोयहि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत सुरू झाली. शस्त्रक्रियेचा दाखला मागण्याच्या तरतुदीवर पुष्कळ टीका झाली, आणि ती अस्थानीं नव्हती. कारण इतिहास पाहतां, शरीराच्या तपासणीनें आरंभ होणारी नोंद कोठें जाऊन थांबते हें दिसतें. तरीहि १८७१ ची पोलिसांची वही आणि स्वतः भरावयाचा हा अर्ज यांतील अंतर नाकारतां येणार नाहीं.

ह्या साऱ्या इतिहासाचा एक धागा दौलताबादेहून पंधरा-सोळा किलोमीटरांवर, छत्रपति संभाजीनगर येथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठांत, येऊन मिळाला आहे. जळगांव जिल्ह्यांतील भादली बुद्रुक ह्या गांवच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकींत स्त्रियांसाठीं राखीव असलेल्या जागेकरितां एका तृतीयपंथी उमेदवारानें अर्ज भरला होता. निवडणूक अधिकाऱ्यानें तो फेटाळला. २ जानेवारी २०२१ रोजीं औरंगाबाद खंडपीठाचे न्यायमूर्ति रवींद्र घुगे यांनीं तो निर्णय रद्द केला. अर्जदारानें आजन्म स्त्री म्हणून राहण्याचें ठरविलें आहे, आणि आपलें लिंग ठरविण्याचा अधिकार तिचा आहे, ही त्या निकालाची दिशा होती. पुढें त्याच महिन्यांत ती उमेदवार निवडूनहि आली. ह्या खटल्याच्या शीर्षकांत अर्जदाराचें जें नांव छापलें आहे तें लक्षपूर्वक वाचण्यासारखें आहे : अंजली गुरु संजना जान. जेथें इतरांच्या नांवांत बापाचें किंवा नवऱ्याचें नांव येतें, तेथें येथें गुरूचें नांव आलें आहे. मराठी राज्याच्या कारकुनानें जो वारसा दप्तरांत लिहिला, १८५२ च्या कायद्यानें जो पुसला, आणि १८७१ च्या कायद्यानें जो गुन्ह्याच्या छायेंत लोटला, तोच गुरु-चेल्याचा वारसा सुमारें १७० वर्षांनीं उच्च न्यायालयाच्या कागदावर, अर्जदाराच्या हक्काच्या ओळींत, परत आला.

ह्यावरून सर्व कांहीं सुधारलें असा निष्कर्ष काढणें उतावीळपणाचें होईल. घरें अजून मिळत नाहींत, नोकरीच्या दारांत आवाज ऐकून प्रश्न विचारले जातात, आणि पुष्कळ मुलांना आईबाप आजहि घराबाहेर काढतात. शिवाय संगणकावरील नोंद जुन्या वहीपेक्षां अधिक टिकाऊ व अधिक दूरवर जाणारी असते. चांगल्या हेतूनें केलेली यादी वाईट हातीं पडल्यास काय होतें, हें १३२९ फसलीच्या कायद्यानें पुरेसें शिकविलें आहे. म्हणून नोंद असावी कीं नसावी, यापेक्षां ती कोणाच्या हातानें व्हावी, तिच्यावर कोणाची नजर असावी, आणि चुकल्यास ती दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाला असावा, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. देवगिरीवर राज्य केलेल्या एका माणसाचें आईनें ठेविलेलें नांव इतिहासाला सांगतां येत नाहीं. इतकी मोठी सत्ता हातीं असूनहि त्याला आपलें नांव लिहितां आलें नाहीं. सात शतकांनंतर त्याच परिसरांतील न्यायालयांत एका खेडेगांवच्या उमेदवारानें आपलें नांव, आपल्या गुरूच्या नांवासह, स्वतः लिहून दिलें आणि तें तसेंच मान्य झालें. ह्या प्रवासाचें मोल मापावयाचें तर ह्या दोन नोंदी शेजारीं ठेवून पाहाव्या.